हिराजीचा निखळता खांदा

"खांदा देनारे डॉक्टर तुमीच ना?"

दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या बाईनं मला हे विचारलं, तेव्हा माझ्या समोर एक पेशंट बसला होता. तो उठून गेला तो परत आला नाही. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. खांदा देणं म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही, आणि ज्या डॉक्टराची ख्याती खांदा देणारा अशी झाली आहे, त्याच्याकडून साधं गळूसुद्धा कोण फोडून घेईल?

मुंबईत हाडांच्या शस्त्रक्रिया शिकून मी तेव्हा नुकताच कुलाबा जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या धर्मादाय इस्पितळात आलो होतो. वीस खाटा, एक नर्स, भूल द्यायला तात्या नावाचे एक साठीचे डॉक्टर आणि लहर लागेल तेव्हा चालणारं क्ष-किरण यंत्र. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती आणि आता कोकणातलं एकही हाड वाकडं राहू द्यायचं नाही, असा माझा पण होता. वय लहान असलं की असले पण सुचतात.

"बाई, मी खांदा देत नाही," मी म्हणालो. "निखळलेला खांदा बसवतो."

"त्याच की. बसवा नायतर द्या, आमचा काम झाल्याशी मतलब."

ही बायजाबाई. उरणकडच्या एका मिठागरावरच्या गावातली. उंच, काळीसावळी, लुगडं गच्च आवळलेलं, पायांना मिठानं पडलेल्या भेगा. नवरा मागंच गेलेला. तिच्या मागे दाराची चौकट भरून एकुलता एक मुलगा उभा होता. त्याचं नाव हिराजी. वय बावीस, छाती कोठीच्या दरवाजाएवढी, आणि उजवा हात डाव्या हातानं तान्हं मूल धरावं तसा धरलेला.

"कधी निखळला?" मी विचारलं.

"आजचा का कालचा?" हिराजीनं विचारलं.

इथं वाचकांना जरा आमच्या धंद्याची गोष्ट सांगायला हवी. खुब्याचा सांधा म्हणजे खोल वाटीत बसलेलं लिंबू. तो सहसा निखळत नाही. खांद्याचा सांधा म्हणजे बशीत ठेवलेलं लिंबू. हात चहूकडे फिरावा म्हणून देवानं तिथं खोली कमी ठेवली आणि बशीच्या कडेला एक मऊ गादी, भोवती एक पिशवी आणि पुढून एक स्नायू एवढ्या भरवशावर सगळं सोडून दिलं. ऐन तारुण्यात कुणी हात हिसडला की लिंबू कड फाडून पुढं येतं. ते परत बसवणं मुळीच कठीण नाही. रेवदंड्याचे एक तांडेल डोलकाठीला हात गुंडाळून, लाटेबरोबर अंग झोकून आपला खांदा आपणच बसवायचे आणि वर मला शिकवायला यायचे. कठीण आहे ते बसलेला खांदा बसलेला ठेवणं. एकदा फाटलेली कड आपण होऊन नीट जुळत नाही. मग शिंक आली तरी खांदा निघतो, जांभई दिली तरी निघतो.

हिराजीचा खांदा पहिल्यांदा हुतूतूत निघाला होता, आणि नंतरच्या खेपांचा हिशेब त्यानं ठेवला नव्हता.

मी खांदा बसवला, हात गळ्यात बांधला आणि शस्त्रक्रिया करावी लागेल असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावाहून मास्तर आले. हे शाळेत शिकवत, आणि गावच्या हुतूतूच्या संघाचे कर्ताकरविता होते. सराव घेणं, पंच म्हणून ओरडणं, हरल्यावर भांडणं, सगळं तेच. मास्तरांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"डॉक्टर, एक विनंती आहे. खांदा बसवा. पण अगदी पक्का बसवू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे एरवी बसून राहील आणि सामन्यात निखळेल, असं काही करता येतं का?"

मग मास्तरांनी खुलासा केला. हिराजी चढाईला जायचा, दोघा-तिघांना हात लावायचा आणि पकडला जायचा. पकडणाऱ्यानं हात ओढला की खांदा निघायचा. आपल्या हातात दुसऱ्याचा हात असा लोंबायला लागला की भला पैलवानसुद्धा 'अयाई गं' करून सोडून देतो. तेवढ्यात हिराजी दम न सोडता, लोंबता हात घेऊन आपल्या हद्दीत परत! तालुक्यात या डावावर तोड नव्हती. गेले तीन हंगाम सगळा संघ त्या एका फाटक्या सांध्यावर जिंकत आला होता.

"नियमात बसतं हे?" मी विचारलं.

"खांदा कुठं असावा याबद्दल नियमात काहीच नाही," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

दाराबाहेर बायजाबाई उभीच होती. ती आत आली ती मास्तरांवर तुटूनच पडली.

"खेल गेला खारीत! डॉक्टर, या उधानाला बांध फुटला, तवा यो चिखलाची ढेकला घेऊन पान्यात उतरला. ढेकूल टाकला आनि खांदा निंगला. दोन डाव पान्याखाली गेला. शेंडीला धरून वर काडला म्हनून उभा दिसतोय तुमाला. मना एवराच एक हाय."

मग तिनं मला उद्देशून जे सांगितलं ते मी आयुष्यभर विसरलो नाही.

"त्यो खेलो नायतर नको खेलो. माजे मयताला उजवा खांदा त्याचाच लागनार. अर्ध्या वाटंत निंगला, त मी रस्त्यावर परन ना!"

मला हसू आलं. पण ती हसत नव्हती, आणि हिराजीही हसत नव्हता. खाली मान घालून तो म्हणाला, "आयस म्हनतं त्या खरा हाय, डॉक्टर. पन माजी चढाई जाईल का?"

या प्रश्नाचं उत्तर मी जे दिलं, त्याची मला आजही खंत आहे. त्या काळी या दुखण्यावर जी शस्त्रक्रिया आम्ही शिकलो होतो, तीत पुढचा स्नायू आणि पिशवी कापून बाराबंदीच्या पदरासारखी एकावर एक घेऊन शिवायची असत. असा शिवलेला खांदा पुन्हा निघत नाही. पण बाराबंदी तंग शिवली की हात बाहेरच्या बाजूला पुरता वळत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "थोडं आवळल्यासारखं वाटेल." थोडं! शस्त्रक्रियेची हौस असलेल्या डॉक्टराच्या तोंडी 'थोडं' हा शब्द आला की रोग्यानं सावध व्हावं.

ठरल्या दिवशी सकाळी मचव्यातून पंचवीस-तीस माणसं उतरली. अर्धं गावच आलं होतं. बायका ओसरीत बसल्या, पुरुष आवारात. मास्तर 'आमचा गडी आहे, मला जवळ राहू द्या' म्हणून शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापाशी ठाण मांडून बसले.

तेव्हा भूल द्यायची म्हणजे तोंडावर जाळीची मुखपट्टी धरायची आणि तिच्यावर ईथर थेंब थेंब सोडायचं. रोगी दीर्घ श्वास घेत राहिला की झोपतो. त्याला आकडे मोजायला सांगत, म्हणजे कुठं जीभ जड होते ते कळतं. तात्यांनी सांगितलं, "हां, हिराजी, आकडे म्हण."

"ईसाच्या म्होरं येत नाय."

"मग काही का म्हणेनास, पण बोलत राहा. घाबरू नकोस. जसं रोज करतोस तसं कर."

हिराजीनं छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले आणि सुरू केलं, "हुतूतूतूतूतूतू..."

तात्या ईथर सोडत होते. हिराजी म्हणत होता. अर्धं मिनिट झालं, पाऊण झालं. ईथर पट्टीवरून उडून खोलीत पसरत होतं, पण हिराजीच्या छातीत त्यातलं काही जात नव्हतं, कारण तो श्वास आत घेतच नव्हता. हुतूतूत दम सुटला की गडी मेला, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. दम संपत आला की तो मान झटकन बाजूला काढून एक मोठा घोट हवेचा घ्यायचा आणि पुन्हा पट्टीखाली येऊन, "हुतूतूतूतू..."

असं बरंच झालं. नर्सच्या पापण्या जड व्हायला लागल्या. मला मघापासून सगळ्या जगाबद्दल प्रेम वाटू लागलं होतं. तात्यांच्या हातातली बाटली डुलत होती. म्हणाले, "अहो, तीस वर्षांत असा रोगी पाहिला नाही. हा आपल्या तिघांना भूल देऊन घरी जाणार."

तेवढ्यात मास्तरांनी दार किलकिलं करून डोकं आत घातलं. एका नजरेत त्यांनी ओळखलं.

"अहो, तो चढाईवर आहे! तुम्ही सांगून काय थांबतोय? त्याला पंचानं बाद द्यायला हवा."

"मग द्या की!" आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

वास्तविक 'बाद' म्हणून भागलं असतं. पण 'बाद' हा स्पर्धेतला शब्द. गावच्या मैदानावर बाद झालेल्या गड्याला मेला म्हणतात, आणि समोरचा गडी मेला की आपला मेलेला पुन्हा जिवंत होतो. मास्तरांच्या तोंडून सवयीचा तोच शब्द निघाला, आणि तो निघाला त्यांच्या मैदानी आवाजात. पाचशे माणसांच्या गोंगाटातून पलीकडे पोचणारा आवाज.

"मेला! हिराजी मेला!"

हिराजीनं तत्काळ दम सोडला. मेलेल्या गड्यानं पंचाशी वाद घालायचा नाही ही त्याची शिस्त. मग त्यानं एक लांबलचक श्वास आत ओढला, वर आणखी दोन, आणि निमूट झोपी गेला. तात्यांनी कपाळाला हात लावला. मी सुरी उचलली.

बाहेर काही आवाज उठले ते मी ऐकले. पण खांद्याच्या पुढच्या बाजूला हाताच्या मोठ्या नसा आणि रक्तवाहिन्या अगदी लगटून असतात, तिथं काम चालू असताना बाहेर लढाई सुरू झाली तरी मान वर करायची नसते. मास्तरांना आत घेतल्यावर दाराला कडी घातली होती, आणि ते एका कोपऱ्यात डोळे मिटून उभे होते. रक्त बघवत नाही म्हणाले. एवढा सामन्यांत दात पाडणारा माणूस!

दोन-सव्वादोन तास लागले. शिवण झकास जमली. हात छातीशी बांधून टाकला, आणि मी मोठ्या खुशीत दार उघडलं.

आवारात तिरडी बांधून तयार होती.

आमच्या एका विश्वस्तांनी हौसेनं लावलेल्या बेटातले दोन उत्तम बांबू तोडलेले होते. मडकं आणलेलं होतं. बायकांचे आवाज बसले होते. बायजाबाई खांबाला टेकून बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा उरलं नव्हतं. मला हसताना पाहून ती ताडकन उठली.

"पोर मारून हसतंस मेल्या?"

"बाई, जिवंत आहे! अगदी छान आहे!"

"मंग यो मास्तर वरडला त्या काय?"

मास्तर माझ्या मागून पुढं आले. त्यांना पहिल्यांदाच आपल्या शब्दाचा अर्थ कळला असावा. चेहरा पांढरा पडला. "अगो काकी, मेला म्हंजे बाद! खेलातला मेला!"

बायजाबाई मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "खेलातला मेला, त जिवंत कवा व्हनार?"

आता इथं कुणीही शहाणा माणूस 'झालाच आहे' असं म्हणाला असता. पण मास्तर नियमाचे पक्के. ते म्हणाले, "समोरचा एक गडी मेला, की."

समोरचा गडी कोण, याचा सगळ्यांनी एकदम विचार केला आणि पंचवीस-तीस जणांनी माझ्याकडे पाहिलं. कुणाच्या तरी हातात अजून कोयता होता. मी एक पाऊल मागं सरलो. तेवढ्यात दोन-अडीच तास ईथर हुंगलेले तात्या भिंतीचा आधार घेत बाहेर आले. "जरा बसतो हं," म्हणाले आणि चौकटीला टेकून अलगद जमिनीवर बसले, आणि बसल्या बसल्या घोरायला लागले.

मग आवारातून कुणीतरी ओरडलं, "मेला! समोरचा मेला!"

"हिराजी जिवंत!" मास्तर गरजले.

सगळ्या आवारानं तीच आरोळी ठोकली. रडून बसलेले आवाज हसायला लागले. बायजाबाई मात्र हसता हसता एकदम खाली बसली आणि आता कुठं तिला खरं रडू फुटलं. आत हिराजी शुद्धीवर येत होता. ओकारी काढून झाल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मधली रेग शिवलो का मी?"

विश्वस्तांनी बांबूंबद्दल जाब विचारला, तेव्हा मी ते व्यायामाचं साहित्य म्हणून दाखवून टाकले. नुसती थाप नव्हती ती. हात सोडल्यावर हिराजीला दोन्ही हातांत काठी धरून वरखाली करायचा व्यायाम होता, आणि ती काठी त्यातल्याच एका बांबूची कापली. स्वतःच्या तिरडीच्या बांबूवर व्यायाम करून बरा झालेला दुसरा रोगी मला भेटलेला नाही. उरलेला अख्खा बांबू बायजाबाई मचव्यातून घरी घेऊन गेली. "चांगला हाय, वाया कनाला घालवा?" म्हणाली.

खांदा पक्का झाला. निघाला म्हणून नाही. पण पहिल्या सामन्याला मास्तरांनी मला आग्रहानं नेलं, तेव्हा मला माझं 'थोडं' दिसलं. हिराजी चढाईला गेला. पूर्वी म्हणे तो हात असा फेकायचा की कोपऱ्यातल्या गड्याला कळायचं नाही कुठून लागला. आता हात खांद्यापासून उघडेचना. वीतभर कमी पडत होता. शेवटी त्याला पकडलं. हात ओढला गेला, सगळं मैदान श्वास रोखून बघत राहिलं. पकडणारेसुद्धा सोडायच्या तयारीत होते, पण खांदा काही निघेना! मग त्यांनी त्याला आरामात दाबून धरलं आणि तो मेला.

"डॉक्टरांनी आमचा हुकमाचा एक्का शिवून टाकला," मागून कुणीतरी म्हणालं. मला तोंड लपवायला जागा नव्हती. हिराजी धूळ झटकत माझ्याजवळ आला. त्याच्या चेहऱ्याकडं बघवेना. मी म्हणालो, "हिराजी, मी तुला पुरतं सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं."

तो बराच वेळ हात फिरवून बघत राहिला. बाहेर वळत नव्हता, आत मात्र भक्कम येत होता. पुढच्या डावात त्यानं चढाई केलीच नाही, कोपऱ्यात उभा राहिला. समोरचा गडी आत आला तसा त्यानं त्याला कवेत घेतला आणि तो गडी मिठीतून सुटेना. ओढणाऱ्यानं कितीही ओढला तरी तो खांदा उघडणार कसा? माझी बाराबंदी मधे होती ना!

दोन हंगामांत हिराजीची पकड उरणपासून रेवदंड्यापर्यंत गाजली. 'डॉक्टरांनी मुद्दाम तशी शिवली' असं तो सगळ्यांना सांगायचा. ते खोटं होतं हे आम्हा दोघांनाच ठाऊक. चढाई गेली ती गेलीच. त्यानंतर प्रत्येक रोग्याला मी आधी काय जाणार ते सांगू लागलो आणि मग काय येणार ते. त्यामुळं माझ्या बऱ्याच शस्त्रक्रिया हुकल्या. हुकू देत.

बायजाबाई वर्षाकाठी एकदा यायची, सुकी मासळी आणि मीठ घेऊन. दर खेपेला भरल्या दवाखान्यात विचारायची, "खांदा देनारे डॉक्टर हायेत का?" दर खेपेला मी म्हणायचो, "बसवणारे, बाई, बसवणारे!" आणि दर खेपेला एखादा नवा पेशंट उठून जायचा.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग एका सकाळी हिराजी मला न्यायला आला. आईनं सांगून ठेवलं होतं, म्हणाला. मी गेली असं वाटलं तरी त्या डॉक्टराला बोलवा. मागच्या खेपेला घाई केली, फुकट रडलो. आता त्यानं नीट तपासल्याबिगर कुणी रडायचं नाय.

मी गेलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि खरंच कुणी रडत नव्हतं. सगळे माझी वाट बघत होते. मी नाडी पाहिली, नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं. काही उरलं नव्हतं. मी वर पाहिलं, पण तो शब्द काही केल्या माझ्या तोंडातून निघेना.

हिराजीनंच हळूच विचारलं, "बाद?"

मी होकाराची मान हलवली. मग घर रडलं.

तिरडीला एक बांबू नवा होता. दुसरा काळा कुळकुळीत, चुलीवरच्या आढ्याला दहा-बारा वर्षं धूर खाऊन लोखंडासारखा झालेला. तो मी ओळखला. हिराजीनं तो उजव्या खांद्यावर घेतला. मिठागराच्या बांधावरून मसणवटीची वाट लांबची. बाकीचे खांदे बदलत होते, हिराजी कुणाला घेऊ देईना. निम्म्या वाटेवर त्यानं मागं वळून मला खुणावलं, "या, डॉक्टर."

मी दुसऱ्या बाजूला शिरलो आणि नव्या बांबूखाली खांदा लावला. माझी उंची बेताची, तिरडी माझ्याकडं कलली. वीसेक पावलांत मला धाप लागली.

"सोरा आता, डॉक्टर, तुमी बाद," हिराजी म्हणाला. दुसऱ्या कुणीतरी माझी जागा घेतली.

तो मात्र शेवटपर्यंत गेला. तिरडी खाली ठेवल्यावर त्यानं उजवा हात उचलला, जेवढा वळत होता तेवढा फिरवून पाहिला आणि आईच्या चेहऱ्याजवळ वाकून म्हणाला, "आये, निंगला नाय."